पास किती झाले ते नको, फट कोणी पाडली ते सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगविषयी मजकूर येतो याचाच मुळात आनंद आहे. पण त्यात एक वाक्य वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले आहे: अमका संघ बॉल फिरवत राहिला म्हणून जिंकला, तमक्या संघाचा तारा बॉल धरून बसला म्हणून हरला. पास म्हणजे संस्कार आणि आयसोलेशन म्हणजे स्वार्थ, अशी ही सरळ वाटणी. शाळेच्या बक्षीस समारंभात ती शोभून दिसेल. कोर्टावर ती टिकत नाही, आणि ज्या सामन्यांचे दाखले देऊन ती मांडली जाते, त्याच सामन्यांत ती खोटी ठरवणारा पुरावा आहे.

आधी शब्दांचा अर्थ. आयसोलेशन, खेळाडूंच्या तोंडी 'आयसो', म्हणजे चौघांनी लांब सरकायचे आणि एकाला त्याच्या डिफेंडरसमोर मोकळी जागा करून द्यायची. कबड्डी पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको, ही चढाईच आहे. बॉल फिरवणे खो-खोच्या जवळ जाते: पाठलाग करणारा अडकायच्या आत योग्य जागी बसलेल्याला खो द्यायचा. पण खो-खोच्या मैदानावर 'या संघाने जास्त खो दिले म्हणून तो भारी' असे कोणी म्हणत नाही. खो कधी आणि कोणाला दिला हे पाहतात. बास्केटबॉलमध्येच आपण पास मोजत का बसतो, कळत नाही.

पाचांसमोर पाच जण आपापल्या जागी नीट उभे असतील, तर थ्रीच्या, म्हणजे तीन गुणांच्या शॉटच्या, रेषेबाहेरून इकडून तिकडे सात पास केले तरी हाती काही लागत नाही. ती नुसती प्रदक्षिणा. शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांपैकी (हेच शॉट क्लॉक) बारा-पंधरा त्यात जातात आणि शेवटी बॉल ज्याच्या हाती अडकेल त्याला डिफेंडरच्या उंचावलेल्या हातावरून वेडावाकडा शॉट मारावा लागतो. गंमत अशी की तो शॉट नोंदीत आयसो म्हणून जमा होतो आणि शिव्या त्या बिचाऱ्याला बसतात.

काही निघायचे तर बचावात फट पडावी लागते. कोणी तरी आपल्या डिफेंडरला मागे टाकावे लागते, किंवा स्क्रीनवर (साथीदार डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहतो तेव्हा) दोन डिफेंडर एकाच बॉलकडे ओढावे लागतात, किंवा चपळ गार्डसमोर अवजड सेंटर अशी विजोड जोडी लावून घ्यावी लागते. मग बचावातला आणखी एक जण स्वतःचा खेळाडू सोडून मदतीला धावतो. पासाचे काम इथून सुरू होते. पास ही फट टिकवतो, वाढवतो, आणि बचाव सावरण्याआधी सर्वांत मोकळ्या माणसापर्यंत पोचवतो. फटच पडलेली नसेल तर टिकवणार काय?

वेळेचे गणित किती बारीक आहे ते पाहा. एनबीएत कोपऱ्यातला थ्री रिंगपासून २२ फुटांवर असतो, समोरचा २३ फूट ९ इंचांवर. पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत, मदतीला गेलेल्या डिफेंडरला कोपऱ्यातल्या आपल्या माणसाकडे परतायला अठरा-एक फूट धावायचे असते. ढोबळ हिशेबाने पेंटमधून कोपऱ्यात फेकलेला पास अर्ध्या सेकंदात पोचतो आणि बॉल हाती आल्यापासून सुटेपर्यंत शूटरला आणखी पाऊण सेकंद लागतो. डिफेंडर वळून वेग घेईपर्यंत या सव्वा सेकंदातला थोडा वेळ गेलेला असतो, म्हणून तो पोचतो पण जरासा उशिरा. शूटरने बॉल घेऊन फक्त अर्धा सेकंद विचार केला, किंवा पास छातीशी न येता घोट्याशी आला आणि वाकावे लागले, की ही सगळी कमाई बुडाली. समोर पुन्हा पाचांना पाच.

प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्या सॅन अँटोनियो स्पर्समध्ये 'पॉइंट फाइव्ह' हा शब्द रूढ होता तो यासाठीच. बॉल हातात आल्यापासून अर्ध्या सेकंदात ठरवायचे: शॉट, पास की ड्राइव्ह (टिप्पे मारत आत मुसंडी). यात उदारपणाचा काही संबंध नाही. मोकळ्या माणसाने शॉट न घेता सौजन्याने पास दिला, तर या नियमात तीही चूकच. (आपल्याकडच्या मुलांना हे पटवणे सर्वांत अवघड. मोकळा असून पास देणाऱ्याला टाळ्या मिळतात.)

आता २०१४ ची फायनल, म्हणजे 'सांघिक खेळा'च्या कीर्तनातले मुख्य आख्यान. स्पर्सनी मायामी हीटला ४-१ ने हरवले. मायामीतल्या तिसऱ्या सामन्याच्या पूर्वार्धात त्यांनी ३३ पैकी २५ शॉट घातले, म्हणजे जवळपास ७६ टक्के, आणि मध्यंतरालाच ७१ गुण झाले होते. तो सामना १११-९२, पुढचा १०७-८६, शेवटचा १०४-८७. पाच सामन्यांत मिळून ७० गुणांचे अंतर. त्या हंगामात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर गेली नव्हती. सगळे खरे, आणि खेळ देखणाच होता. प्रश्न आहे तो कशामुळे जमला याचा.

हीटचा बचाव आक्रमक होता. पिक अँड रोल (स्क्रीन देऊन रिंगकडे वळण्याची चाल) झाला की स्क्रीन देणाऱ्याचा डिफेंडर आणि बॉल असलेल्याचा डिफेंडर, दोघेही बॉलवर झडप घालत. लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड यांच्यासारखे चपळ आणि लांब हातांचे खेळाडू मागच्या रिकाम्या जागा धावून भरून काढत. ही पद्धत बॉल हिसकावते, पण तिची किंमत ठरलेली आहे: दोन जण बॉलवर गेले म्हणजे मागे चौघांसमोर तिघे. स्पर्सकडे बॉल आला की हीट प्रत्येक खेपेला स्वतःहून फट देत होते. स्पर्सचा गार्ड टोनी पार्कर याने दोघांना अंगावर घ्यायचे आणि बॉल फ्री थ्रो रेषेजवळ सोडायचा, एवढेच उरले. तिथे बॉल घेणारा माणूस महत्त्वाचा, कारण समोर तीन डिफेंडर आणि बाजूला तीन साथीदार असताना तो अडखळला तर सगळे फसते. तिसऱ्या सामन्यापासून पोपोविच यांनी टियागो स्प्लिटरऐवजी बोरिस डिऑला सुरुवातीच्या पाचांत घेतले. डिऑ ना फार वेगवान, ना उडीत भारी, आणि पोटही थोडे सुटलेले. पण बॉल हातात येण्याआधीच पुढचा पास त्याला दिसलेला असे. हा बदल मला त्या मालिकेतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू क्वाय लेनर्ड ठरला, तेही योग्यच, पण डिऑविना ती घडी बसली नसती.

त्याच स्पर्सना त्याच वर्षी पहिल्या फेरीत डलास मॅव्हरिक्सने सातव्या सामन्यापर्यंत खेचले होते, हे मात्र आख्यानात येत नाही. तेच खेळाडू, तोच प्रशिक्षक, तोच अर्ध्या सेकंदाचा नियम. फरक डलासच्या बचावात होता. त्यांनी बॉलवर दुसरा माणूस पाठवायचे टाळले, स्क्रीनवर पुष्कळदा नुसती अदलाबदल केली, आणि कोपऱ्यातल्या शूटरना चिकटून राहिले. मदतीला कोणी येईना, मग मोकळा माणूस कुठून निघणार? सातवा सामना स्पर्सनी ११९-९६ असा सहज घेतला, त्यात पार्करचे ३२ गुण होते. मदत येत नाही म्हटल्यावर त्याने आपल्या डिफेंडरला मागे टाकून स्वतः शेवट करायचे ठरवले. त्या संध्याकाळी तोच बरोबर खेळ होता.

२०१२ तर याहून बोलके. सलग २० सामने जिंकून, पश्चिम विभागाच्या फायनलमध्ये २-० ने पुढे असलेले स्पर्स ओक्लाहोमा सिटी थंडरसमोर ओळीने चार सामने हरले. तिसऱ्या सामन्यापासून थंडरने लांब हातांच्या थाबो सेफोलोशाला पार्करवर लावले. फटी पाडणारा माणूसच अडवला गेला आणि पासांची माळ पहिल्याच मण्यापाशी तुटली.

म्हणून ही अदलाबदल, म्हणजे स्विच, नीट समजून घेतला पाहिजे. गेल्या दशकात बॉल फिरवणाऱ्या संघांवरचा सर्वांत मोठा उतारा हाच आहे. स्क्रीन लागली की दोन्ही डिफेंडरनी माणसे बदलायची. कोणी कोणामागे धावत नाही, मदतीची गरज पडत नाही, फट उघडत नाही. हल्ला करणाऱ्यांना फक्त विजोड जोडी मिळते, आणि ती पाहून त्यांच्या तोंडाला पाणी सुटते: उंच सेंटर आपल्या गार्डसमोर आलाय, थांबा, बाजूला व्हा, मी बघतो. चौघे थांबतात आणि बचाव मनातल्या मनात हसतो. म्हणजे पुष्कळदा आयसो हल्ल्याने निवडलेला नसतो, बचावाने गळाला लावलेला असतो. २०१८ च्या पश्चिम विभागीय फायनलमध्ये ह्यूस्टन रॉकेट्सनी गोल्डन स्टेट वॉरियर्सवर हाच गळ टाकला. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांचा वॉरियर्स म्हणजे कट (बॉल नसताना रिंगकडे धाव) आणि पासांसाठी नावाजलेला संघ, पण प्रत्येक स्क्रीनवर स्विच होऊ लागल्यावर त्यांचा बॉल पुन्हा पुन्हा केविन ड्युरंटपाशी येऊन थांबू लागला.

स्विचवर उपाय आहेत, पण ते जास्त पासांचे नाहीत. स्क्रीन लावायला येणाऱ्याने अंग न लावताच, डिफेंडर माणसे बदलण्याच्या बेतात असताना, रिंगकडे सटकायचे. निर्णय अर्धवट झालेला असल्याने दोघेही बॉलकडे राहतात आणि मागे वाट उघडी पडते. दुसरा उपाय म्हणजे स्विच झाल्यावर ठेंगण्या डिफेंडरला पाठीवर घेऊन सेंटरने पेंटमध्ये जागा धरायची आणि बॉल समोरच्या बाजूने नव्हे, कोन बदलून दुसऱ्या बाजूने आत टाकायचा. तिसरा उपाय अर्थातच आयसो: मंद डिफेंडर समोर आला आहे तर त्याला ताबडतोब, मागची मदत जमायच्या आत, फोडायचे. 'ताबडतोब' हा शब्द इथे फार महत्त्वाचा. बॉल मागे नेऊन चार सेकंद टिप्पे मारत बसले की मागचे चौघे आपापल्या जागा सावरून उभे राहतात.

रॉकेट्सवर सर्वाधिक टीका होते म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर. २०१७-१८ मध्ये त्यांनी ६५ सामने जिंकले आणि गुण करण्यात ते लीगच्या अगदी वरच्या संघांत होते, तेही पासांच्या संख्येत तळाजवळ राहून. अर्ध्याहून अधिक शॉट थ्री घेणारा तो लीगच्या इतिहासातला पहिला संघ. त्यांची रीत अशी: समोरच्या संघातला सर्वांत कच्चा डिफेंडर हेरायचा, तो ज्याच्यावर असेल त्यालाच स्क्रीन द्यायला बोलवायचे, स्विच झाला की जेम्स हार्डन किंवा ख्रिस पॉलने त्याला एकटे गाठायचे. वॉरियर्सविरुद्ध हा नेम वारंवार स्टीफन करीवर धरला गेला. बाकीचे तिघे थ्रीच्या रेषेबाहेर पसरलेले, क्लिंट कपेला रिंगमागच्या एंडलाइनजवळ लॉबची, म्हणजे रिंगपाशी उंच टाकलेल्या पासाची, वाट पाहत. मदतीला कोपरा सोडला तर थ्री, कपेलाला सोडले तर डंक, कोणालाच सोडले नाही तर हार्डन आहेच. आळशी खेळ म्हणून याला हिणवणाऱ्यांनी तो एकदा कागदावर मांडून पाहावा. पुढच्या, २०१८-१९ च्या हंगामात हार्डनने एकट्याने लीगमधल्या इतर कोणत्याही अख्ख्या संघापेक्षा जास्त आयसो खेळले आणि सरासरी ३६.१ गुण काढले.

आणि २८ मे २०१८ चा सातवा सामना? मध्यंतराला ५४-४३ ने पुढे असलेले रॉकेट्स १०१-९२ ने हरले. थ्री ४४ पैकी ७, त्यात ओळीने २७ चुकलेले. या २७ चे खापर आयसोवर फोडण्याची रीत आहे. पण ट्रेव्हर अरिझाने त्या दिवशी नऊ थ्री घेतले आणि नऊच्या नऊ चुकले. अरिझा काही आयसो खेळणारा नव्हे. त्याचे शॉट म्हणजे कोणी तरी आत शिरून बाहेर सोडलेले पास, शुद्ध 'सांघिक' माल. हार्डनचेही थ्री १३ पैकी २ आणि एरिक गॉर्डनचे १२ पैकी २, ते वेगळे. म्हणजे फटी पडत होत्या, पास पोचत होते, बॉल आत जात नव्हता. मांडीच्या दुखापतीमुळे पॉल शेवटचे दोन्ही सामने बाहेर होता, त्यामुळे फटी पाडायचे सगळे ओझे एकट्या हार्डनच्या पायांवर आले. त्यात मोजकेच खेळाडू वापरणारा संघ, आणि थकलेल्या पायांचा थ्री नेहमी रिंगच्या पुढच्या कडेला लागतो.

माझ्या मते रॉकेट्सचे खरे दुखणे वेगळे होते. त्यांच्या यंत्राला एकच गिअर होता. थ्री लागेनात तेव्हा मधल्या अंतरावरून कोणी मारायचे, बॉल नसताना कोण कट करणार, पेंटमध्ये पाठ लावून कोण खेळणार, याची तालीमच नव्हती. आयसोत उभे राहण्याची सवय जडलेल्या चौघांना ऐनवेळी धावायला सांगितले तर ते धावत नाहीत, एकमेकांच्या वाटेत येतात. हा दोष नक्कीच आयसोच्या पोटातला आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण तो स्वार्थाचा दोष नाही. सरावाच्या वेळापत्रकातला आहे.

रॉकेट्सचे प्रशिक्षक माइक डिअँटोनी हे तेच, ज्यांच्या फिनिक्स सन्समध्ये स्टीव्ह नॅश २००५ आणि २००६ असा लागोपाठ दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा बॉल हातात ठरत नसे. माणूस तोच, सूत्रही तेच: जागा पसरा, लवकर हल्ला करा, थ्री आणि रिंगजवळचे शॉट घ्या. हाताशी नॅश होता तेव्हा त्यातून पास निघाले, हार्डन होता तेव्हा आयसो निघाला.

करी यांचे नव्हे, स्टीव्ह कर यांचे उदाहरणही असेच अर्धवट सांगितले जाते. (मराठीत ही दोन नावे शेजारी आली की मुद्रितशोधकांची परीक्षाच.) २०१३-१४ मध्ये वॉरियर्स पासांच्या संख्येत लीगमध्ये शेवटचे होते. कर यांनी आल्यावर सामन्याला ३०० पासांचे लक्ष्य ठेवले, आणि पुढच्याच हंगामात ६७ विजय व विजेतेपद. उत्तम. पण त्या ३०० पासांमागे एक माणूस असा होता की तो रिंगपासून ३० फुटांवर असतानाच दोन डिफेंडर त्याच्याकडे धावत. स्टीफन करीकडून सुटलेला बॉल ड्रेमंड ग्रीनला फ्री थ्रो रेषेजवळ मिळाला की पुन्हा चौघांसमोर तिघे. स्पर्सचे तेच चित्र, फक्त पाच पावले मागे सरकलेले. करी नसलेल्या संघाने भिंतीवर ३०० चा आकडा लिहिला तर ३०० पासच होतील.

१९९० च्या दशकातला आयसो हा तर नियमांचा पोरगा होता. तेव्हा एनबीएत झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, बंदी होती. डिफेंडरने आपल्या माणसासोबत राहावे किंवा सरळ बॉलवर दुसरा डिफेंडर म्हणून जावे, अधेमधे घुटमळायचे नाही. म्हणून शॉट न येणारे तिघे दूरच्या बाजूला उभे केले तरी त्यांचे डिफेंडर मुकाट त्यांच्यामागे जात. २००१-०२ पासून ती बंदी उठली. उरली ती फक्त बचावाच्या तीन सेकंदांची मर्यादा: कोणाला जवळून अडवत नसलेल्या डिफेंडरने पेंटमध्ये त्याहून जास्त वेळ थांबायचे नाही.

मग आयसो चांगला केव्हा? शॉट क्लॉकवर किमान १२-१४ सेकंद असताना तो सुरू झाला पाहिजे, म्हणजे अडवला गेला तर दुसरी चाल करता येते. आठ सेकंद उरले असताना सुरू केलेला आयसो हा जुगार. बॉलपासून एक पास अंतरावर संघातला सर्वोत्तम शूटर हवा. नवखे प्रशिक्षक हमखास उलटे करतात, शूटरला लांबच्या कोपऱ्यात पाठवतात आणि शॉट नसलेल्याला जवळच्या बाजूला (विंगवर) ठेवतात. त्याचा डिफेंडर मग फ्री थ्रो रेषेच्या मध्यावर येऊन उभा राहतो आणि ड्राइव्हच्या पहिल्याच टिप्प्याला हात घालतो. शॉट नसलेल्याची जागा एंडलाइनजवळ, पेंटच्या अगदी बाहेर: मदत त्याच्या माणसाने दिली तर त्याला दोन पावलांवर रिंग मिळते. खेळणाऱ्याने डिफेंडरच्या पुढे असलेल्या पायाच्या बाजूने घुसायचे, कारण तो पाय मागे फिरवल्याशिवाय त्याला वळता येत नाही. आणि तीन टिप्प्यांत खांदा पुढे गेला नाही तर बॉल सोडायचा. चौथा टिप्पा सहसा गर्वाचा असतो.

पासालाही खर्च आहे, हे कोणी लिहीत नाही. प्रत्येक पास म्हणजे बॉल हवेत असण्याचा, हिसकावला जाण्याचा एक प्रसंग. कोपऱ्यात चुकलेला पास बाहेर जातो आणि बचावाला उभे राहायला वेळ मिळतो, पण वरच्या बाजूला, दोन गार्डमधला आडवा पास हिसकावला गेला तर समोर अडवायला कोणी नसते, दोन गुण जवळजवळ ठरलेले. २०२५ च्या फायनलचा पहिला सामना आठवा. बॉल फिरवण्यासाठी नावाजलेल्या इंडियाना पेसर्सनी थंडरविरुद्ध २५ च्या घरात टर्नओव्हर केले, म्हणजे तितक्यांदा बॉल गमावला, त्यांतले बहुसंख्य पूर्वार्धातच. सामना त्यांनी १११-११० ने जिंकला खरा, पण टायरीस हॅलिबर्टनच्या शेवटच्या शॉटनंतर घड्याळात ०.३ सेकंद उरले होते आणि त्याआधी संपूर्ण सामन्यात ते एकदाही पुढे नव्हते. (हेच पेसर्स ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध दोन सराव सामने खेळून गेले. संघ अर्थात तेव्हाचा वेगळा.)

त्याच मालिकेतला चौथा सामना तर आयसोविरोधकांनी पुन्हा पाहावाच. मालिकेत पेसर्स २-१ ने पुढे, घरचे मैदान, उत्तरार्धात आघाडी. थंडरच्या शे गिलजस-अलेक्झांडरने ३५ गुण केले, त्यांतले १५ शेवटच्या पाच मिनिटांत, आणि असिस्ट, म्हणजे साथीदाराला थेट गुण मिळवून देणारे पास, किती? शून्य. थंडर १११-१०४ ने जिंकले आणि पुढे मालिकाही ४-३ ने. शेवटच्या पाच मिनिटांत आयसो का वाढतो, याला कारणे आहेत. दोन्ही संघांचे पाचही खेळाडू तेव्हा स्विच करू शकतील असेच असतात. महिनाभर अभ्यासलेल्या चाली बचावाला तोंडपाठ झालेल्या असतात. बॉलपासून दूरची धरपकड पंच कमी पकडतात, म्हणून कट मंदावतात. आणि एका टर्नओव्हरची किंमत दुप्पट झालेली असते. अशा वेळी टर्नओव्हर न करता पंधरा फुटांवरचा आपला शॉट कोणत्याही डिफेंडरवर मिळवणारा माणूस सोन्याचा. उरलेली त्रेचाळीस मिनिटेही तसेच खेळले तर तो शेवटी थकलेला असतो, ही गोष्ट अलाहिदा.

शेवटी आपल्याकडचा मुद्दा, कारण या लेखनाचा परिणाम इथल्या सरावावर होतो. नागपाड्यापासून नागपूरपर्यंत मुले मोबाइलवर एनबीएची क्लिप पाहून स्टेप-बॅक (मागे सरकून मारायचा शॉट) घोटतात. त्याला उत्तर म्हणून काही प्रशिक्षक 'पाच पास झाल्याशिवाय शॉट नाही' असा नियम लावतात. दोन्ही चुकतात. आपल्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी होतात, आणि त्यांत बचावाला पेंटमधल्या तीन सेकंदांची मर्यादा नाही. उंच सेंटर रिंगखाली हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. कोर्टही किंचित अरुंद, १५ मीटर, आणि थ्री जवळचा, समोर ६.७५ मीटर आणि कोपऱ्यात ६.६० मीटर, त्यामुळे मदतीला येऊन परत जाणेही सोपे. एनबीएतला रिकामा पेंट इथे मिळतच नाही, म्हणून हार्डनची नक्कल भिंतीवर आपटते. पाच पासांच्या सक्तीत उलट बचाव पहिले चार पास विश्रांती घेतो, कारण शॉट येणार नाही हे त्याला माहीत असते.

त्याऐवजी सरावात नियम असा ठेवावा: बॉल एकदा पेंटमध्ये जाऊन आल्याशिवाय थ्री नाही. तो ड्राइव्हने जावो, कटला दिलेल्या पासाने जावो की पोस्टमध्ये (रिंगजवळ पाठ लावून उभ्या असलेल्याकडे) टाकून. पास दोन होवोत की सहा. बॉल हाती आल्यावर एक सेकंदापेक्षा जास्त थांबला की शिट्टी आणि बॉल समोरच्या संघाला. मुलांसाठी अर्ध्याऐवजी एक सेकंद पुरे. आणि चौघांविरुद्ध तिघे हा सराव रोज दहा मिनिटे, कारण फट पडल्यावर काय करायचे ते त्यातच बसते.

आपल्या वार्ताहरांकडे एक विनंती. सामन्याच्या वृत्तात पास आणि असिस्टचे आकडे देताना जागा उरली तर तीन गोष्टी द्याव्यात: समोरचा संघ स्क्रीनवर स्विच करत होता की बॉलवर दोघे पाठवत होता, पहिली मदत कोणाच्या ड्राइव्हवर आली, आणि तेव्हा शॉट क्लॉकवर किती सेकंद होते. असिस्टच्या रकान्यात ती पहिली मदत खेचणाऱ्याचे नाव बहुतेकदा नसतेच, कारण त्याच्या पासानंतर आणखी एक पास झालेला असतो.

कळावे,
आपला,
बास्केटबॉलचा एक जुना वाचक, पुणे